चाची जिथं थांबायची

मनियारचाचीनं माझा चेहरा कधी नीट पाहिला असेल, असं मला आजही वाटत नाही. पहिल्या भेटीत मी नमस्काराला हात जोडले, तर त्यातला डावा तिनं सरळ ओढून घेतला, बोटं एकत्र दाबली, अंगठ्याच्या बुडाचं हाड चाचपलं आणि म्हणाली, "दोन-चारचं माप. लिहिणारीचा हात हाय. घरी सैपाक कोण करतं?" मी म्हणाले, "आई." "मालूम हाय," असं म्हणून तिनं हात परत केला. पुढं दोन वर्षांनी लातूरच्या बसस्थानकावर मी थंडीचे हातमोजे घालून तिच्यासमोर उभी राहिले, तर ही बाई "सरका बाई जरा" म्हणत मला ओलांडून गेली. मोजा काढून तिचा हात धरला तेव्हा कुठं ओळख पटली, आणि वर मलाच दम मिळाला, "आसं हात झाकून हिंडू न्हाई."

मनियार म्हणजे बांगड्या भरणारे. चाचीच्या सासरच्यांनी त्या एका गावातल्या बायांचे हात तीन पिढ्या भरले होते. गावाचं नाव मी सांगत नाही आणि माणसांची नावंही बदलली आहेत. का ते पुढं कळेलच. किल्लारीच्या भूकंपात ते दगडमातीचं गाव बसलं, आणि जे उरले त्यांना थोड्या अंतरावर माळरानात नवं गाव बांधून मिळालं. एकसारखी घरं, घरांवर आकडे, बैल काय ट्रकही वळेल एवढे रस्ते आणि सावलीला झाड नाही.

मी नांदेडहून तिथं गेले ती संशोधक म्हणून. गाव मोडल्यावर पुण्याला, हैदराबादला पांगलेल्या गावकऱ्यांनी तिकडं मंडळ काढलं होतं. नव्या गावाला जुनंच नाव राहावं, जुन्या जागेवर नांगर फिरू नये, यासाठी ते अर्जांवर अर्ज करत होते. पांगलेल्या माणसांचा हा प्रतिकार आमच्या सरांना फार भावला आणि त्यांनी तो विषय माझ्या गळ्यात बांधला. मी छापील प्रश्नावली घेऊन दारोदार फिरू लागले. "आपण पुनर्वसनाला कोणत्या प्रकारे विरोध केला?" असा त्यात अकरावा प्रश्न होता. एका म्हाताऱ्यानं मला पाणी दिलं, माझी कीव केली आणि सांगितलं, "आमाला काय इचारून राह्यलीस बाई, त्या चाचीच्या मागं हिंड. तिनं आजून गाव सोडलंच न्हाई."

म्हणजे काय, ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. डोक्यावर टोपली, टोपलीवर फडक्याची घट्ट गाठ, अशी चाची फेरीला निघाली आणि पहिल्या घरातून निघून शेजारच्या दारात न जाता तीन रांगा ओलांडून भलत्याच टोकाला गेली. तिथून परत मागं, मग तिरकी मैदानातून. अर्ध्या तासात माझे पाय दुखायला लागले. ती वेडीवाकडी चालत नव्हती. जुन्या गावात घरामागून घर जसं होतं त्या क्रमानं ती चालत होती. पाटलाच्या बोळातली सहा घरं नव्या गावात सहा दिशांना गेली होती. चाची ती पायांनी पुन्हा एकाला एक लावून घेत होती. मी तिच्या मागं चालत वहीत रेघा ओढत गेले आणि चार दिवसांत जुन्या गावाचा नकाशा माझ्या हाती आला.

पण त्या क्रमात मेलेल्यांची घरंही होती.

दोन रांगांमधल्या एका मोकळ्या जागी ती थांबली. टोपली उतरवली, खाली बसली आणि रोजच्या आवाजात हाक मारली, "शेवंते, बांगड्या भराय ये गं." समोर वाळलेलं गवत आणि एक सिमेंटचा तुटका पाइप. चाची बसून राहिली. दोन हात भरायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ. तिचे ओठ मधेमधे हलत होते. मग "सुखी ऱ्हा" म्हणून ती उठली. रस्त्यानं पाण्याचा हंडा घेऊन चाललेली एक बाई त्या मोकळ्या जागेला वळसा घालून गेली, दारात कोणी बसलेलं असावं तशी.

अशा बावीस जागा मी नकाशात टिंबांनी दाखवल्या. टोपलीत या बायांच्या मापाच्या बांगड्या वेगळ्या दोरीत ओवलेल्या असत. कोणी मागितल्या तर ती त्या विकत नसे, "त्या घेतलेल्या हायत" म्हणायची. एकदा मी धीर करून विचारलं, "चाची, त्या येतात का हो?" तिनं माझ्याकडं, म्हणजे माझ्या हाताकडं पाहिलं. "मला काय मालूम? बलवायचं काम माझं. गाव बदललं म्हणून न बलवता जावं का?" यावर माझ्या प्रश्नावलीत रकाना नव्हता.

हे सगळं करण्याचा तिला एक हक्कच होता, असं गाव मानत असे. भूकंपानंतरच्या त्या पावसात ढिगाऱ्याखालून बाया काढल्या, तेव्हा कित्येकींची चेहऱ्यावरून ओळख पटत नव्हती. पुरुष माणसांना आपल्या भावजयांचे चेहरे तरी कुठं नीट माहीत, पदर कायम पुढं. मग कोणीतरी चाचीला बोलावलं. स्वतःच्या नवऱ्याला माती देऊन ती तशीच आली आणि ओळीनं एकेक हात हातात घेत नावं सांगत गेली. ही शेवंता. ही तुळजाच्या घरची थोरली. ही मास्तराची. तिनं नाव सांगावं आणि मग लाकडं रचावीत, असं दोन दिवस चाललं. "तोंड झाकता येतं, हात न्हाई झाकता येत," हे तिचं वाक्य मला तिथं पाचसहा जणांनी तरी ऐकवलं.

नकाशा पुरा होत आला तशा मला दोन गोष्टी खटकू लागल्या. मेलेल्या बायांच्या यादीत कौशल्या नावाची एक सून होती. तिची ओळखही चाचीनंच पटवलेली. पण तिच्या घराच्या क्रमाशी आली की चाची न थांबता, हाक न मारता, टोपली सावरत पुढं जायची. आणि गावाच्या पार शेवटी पाण्याच्या टाकीमागं एक जागा होती, जिथं जुन्या गावाच्या हिशोबानं कोणाचंच घर येत नव्हतं, नुसती मठाची पडवी येत होती. तिथं ती सगळ्यांत जास्त वेळ बसायची. हाक मारायला तोंड उघडायची आणि नाव न घेताच मिटायची. "ये गं... ये," एवढंच.

त्या टाकीमागं एकदा मी टोपलीची किणकिण ऐकली. टोपली जमिनीवर होती, फडकं बांधलेलं होतं, चाचीचे दोन्ही हात मांडीवर होते आणि वाऱ्याचं नाव नव्हतं. मी नांदेडच्या हायस्कुलात विज्ञान शिकवणाऱ्या बापाची मुलगी. काच तापली की पसरते, एकमेकींवर सरकते, असं मी स्वतःला लगेच समजावलं. चाचीला विचारलं तर ती म्हणाली, "तू बी ऐकलंस का?" तिचा आवाज एवढा लहान झालेला मी कधी ऐकला नव्हता.

वहीत मी लिहून ठेवलं, "एका मृत स्त्रीला हाक नाही, एका हाकेला नाव नाही." लिहिताना मोठं काही हाती लागल्याचा आनंद झाला होता, हेही कबूल करते. संशोधक माणसाचं मन काही वेळा गिधाडासारखं असतं.

नागपंचमीच्या आधी चाचीनं माझ्याकडं एक पुडकं दिलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या डझनभर हिरव्या बांगड्या. "नांदेडलाच चाललीस ना, तेवढं शीलाबाई म्हणून शिलाई करती, तिला दे. लई जपून ने." पत्ता नांदेडच्या जुन्या वस्तीतला, चाचीच्या मावसबहिणीच्या घराजवळचा. शीलाबाई चाळिशीच्या आतली, मशीनवर बसलेली, डावं मनगट थोडं वाकडं. तिनं पुडकं उघडलं नाही. नुसतं गालाला लावलं आणि विचारलं, "चाचीचे गुडगे दुखतात का आजून?" दरवर्षी हे काम माझ्याकडं येऊ लागलं. मी ते पोस्टमनसारखं केलं आणि दोन अधिक दोन काही मांडले नाहीत. माझ्यासारख्या हुशार बाईला हे कसं सुचलं नाही याचं आज हसू येतं.

पुढं चाचीच्या बशीरनं लातूरला घर बांधलं आणि आईला तिकडं नेलं. खाली बांगड्यांचं दुकान, वर चार खोल्या. पण तोवर लातूरच्या त्या भागात गल्लीगल्लीला शिकवणीवर्ग उघडले होते. देगलूर, मुखेड, उदगीर, कंधार, जिथून बस येत होती तिथून पोरी येत होत्या आणि कॉटमागून कॉट लागत होत्या. बशीरनं वरच्या खोल्या पोरींना दिल्या. भिंतींवर सूत्रं चिकटवलेली, खिडकीत ओली दप्तरं, आणि जिन्याखाली चाची. बांगड्या घालायला एकही पोरगी तयार नव्हती; पेपर सोडवताना वाजतात म्हणे. तरी चाची येताजाता हात धरायचीच. "ह्या पोरींच्या हाताला नुसतं हाड हाय. शिकवण्या मास बी खाऊन राह्यल्या काय गं?"

इथपर्यंत गंमत होती. पण चाचीला पोरींची नावं लक्षात राहत नव्हती, हात राहत होते. त्यामुळं ती हातावरून नावं ठेवू लागली. "ए शेवंता, मोटर बंद कर." "तुळजाच्या थोरले, डबा आला बघ." पोरींना आधी वाटलं लाडाची नावं आहेत. मग कुणीतरी बशीरच्या बायकोला विचारलं, ह्या शेवंता कोण? आणि उत्तर ऐकून शेवंता झालेली पोरगी दोन दिवस वर्गाला गेली नाही. एकीनं तर खोलीच बदलली. बशीर वैतागून म्हणाला, "अम्मी, मरे सो लोगां के नाम जिंदा पोरियां कू कायकू देतीं?" चाचीनं शांतपणे सांगितलं, "मी कुठं देऊन राह्यले? हात घेऊन आल्यात त्या."

त्याच वर्षी जूनमध्ये तिनं मला नांदेडहून बोलावून घेतलं. दुपारची वेळ, पोरी वर्गाला गेलेल्या, जिन्याखाली आम्ही दोघीच. तिनं माझा हात धरला. मग म्हणाली, "टाकीमागची आली."

वरच्या खोलीत कंधारकडची मनीषा नावाची नवी पोरगी आली होती. डब्याचं झाकण निघेना म्हणून ती चाचीकडं आली आणि चाचीनं तिचा हात पाहिला. करंगळी शेवटच्या पेरापाशी आत वळलेली, मनगटाचं हाड उजवीकडं जास्त वर. "हा हात मी धरलाय," चाची म्हणाली. "भरलाय बी. आन् दुसऱ्यांदा धरला तवा त्यो गार व्हता."

मग तिनं जे सांगितलं ते तिनं दहाबारा वर्षं कोणापाशी काढलं नव्हतं.

कौशल्याचा नवरा हात उचलायचा. हे गावात दुसऱ्या कोणाला नक्की ठाऊक नसेल, पण बांगड्या भरणारीपासून काय लपणार? दर पंधरा दिवसांनी हिच्या बांगड्या फुटलेल्या, मनगट सुजलेलं, एकदा तर हाड सरकलेलं. चाची तेल लावून बांगडी चढवायची, तिचं नेहमीचं "हात ढिला सोड" म्हणायची, आणि कौशल्या दात आवळून बसायची. गणपती बोळवायच्या संध्याकाळी सगळं गाव मिरवणुकीत असताना चाचीनं तिला नांदेडच्या गाडीत बसवून दिलं. त्याच दुपारी मठाच्या पडवीत एक परकी बाई भेटली होती. विहिरी खोदणाऱ्या टोळीबरोबर आलेली, तापली म्हणून टोळी तिला मागं ठेवून पुढच्या कामावर गेलेली. तिनं हात पुढं केला, "मला बी भर की मावशी." कौशल्याच्या हातात ज्या दोरीतल्या बांगड्या भरल्या होत्या त्यातल्याच उरलेल्या चाचीनं तिला भरल्या. पैसे घेतले नाहीत, पण नावही विचारलं नाही. "परकी व्हती. उद्या जाणार. नाव कशाला इचारायचं, आसं वाटलं मला."

पहाटे गाव बसलं. ढिगाऱ्यातून हात निघाले, त्यात हा एक. कौशल्याचा नवरा मिरवणुकीतून घरी आलाच नव्हता आणि आता जखमी होऊन दवाखान्यात होता, म्हणून दीर समोर उभा. हिरव्या बांगड्या पाहून त्यानं विचारलं, "चाची, ही आमची कौशल्या का?" चाचीनं हात हातात घेतला. करंगळी वळलेली. कौशल्याची सरळ होती.

"मी 'हाव' म्हणाले," चाची म्हणाली. "एकच शबुद. एक जित्ती सुटली. आन् दुसरीचं नाव मी जाळलं, मला मालूम पण नसलेलं. तवापास्नं ती तितं बसून ऱ्हाती. मी बलवते तर म्हणती, कोणाला बलवून राह्यलीस, नाव घे ना."

माझ्या वहीतल्या त्या ओळीचा अर्थ मला त्या जिन्याखाली लागला, आणि आनंद बिनंद काही झाला नाही. जिथं चाची थांबत नव्हती ती बाई जिवंत होती.

संध्याकाळी मनीषा वर्गावरून आल्यावर तिला मी आडून आडून विचारलं. तुमच्या घरात असं बोट आणखी कोणाचं? पोरगी बोलकी होती. "पप्पांचं हाय. आन् म्हणं एका आत्याचं व्हतं. पण तिचं नाव घेत नसतेत आमच्याकडं." का गं? तिनं आवाज खाली आणला. "नवऱ्यानं टाकल्यावर टोळीत गेली व्हती. तितून मुकादमाबरूबर पळून गेली म्हणं. आज्जीनं तिचे सगळे कपडे जाळले."

पोरगी वर गेली, आणि जिन्याखाली मी चाचीला सगळं सांगितलं. म्हणजे पळाली तिला गावानं मेलेली धरलं, आणि मेली तिला घरच्यांनी पळालेली. एका आईनं बारा वर्षं आपल्या मेलेल्या मुलीला शिव्या दिल्या होत्या. चाचीचा चेहरा पार उतरला. "मला वाटलं नाव न्हाई तिला. तिचं तर नाव खराब करून ठेवलं मी."

आईला सांगायलाच हवं होतं. पण सांगायचं म्हणजे विचारणार, मग तिचं प्रेत गेलं कुठं? तिच्या चितेवर कोणाचं नाव होतं? आणि त्या नावाची बाई आता कुठं आहे? कौशल्याचा नवरा तेव्हा हिंडता फिरता होता. त्यानं दुसरं लग्न केलं होतं, आणि त्या दुसरीचीही मनगटं चाचीनं पाहिली होती. कंधारची बातमी लातूरला पोचायला एक लग्न पुरतं. "एकीला नाव द्यायचं तर दुसरीचं उघडं पडतंय," चाची पुन्हापुन्हा हेच म्हणत राहिली.

शेवटी मी म्हणाले, हे आपण कोण ठरवणार? जिचा जीव आहे तिला विचारते. नांदेडला शीलाबाईच्या, म्हणजे कौशल्याच्या, मशीनपाशी बसून मी सगळं सांगितलं. ती शिवत होती ती शिवतच राहिली. टीप संपली, दोरा तोडला आणि मग म्हणाली, "नाव काय तिचं?" मनीषानं कानात सांगितलेलं नाव मला ठाऊक होतं. "गोदावरी," मी म्हणाले. कौशल्यानं ते दोनतीनदा हळू उच्चारून पाहिलं. "सांगा तिच्या मायला. माझं काय व्हायचं ते व्हईल. बारा वर्षं तिच्या जिवावर जगले, आता तिला शिव्या खाऊ देऊ का?"

मी आणि चाची कंधारच्या एसटीत बसलो. टोपली मांडीवर, फडकं बांधलेलं. मनीषाचं गाव कंधारपासून थोडं पुढं. घर साधं, अंगणात गोधडीवर मूग पसरलेले, आणि मनीषाची आजी ते निवडत बसलेली. आम्ही वसतिगृहातून आलो म्हटल्यावर पोरीला काय झालं म्हणून ती घाबरली. पोरगी बरी आहे, असं मी सांगितलं. चाची समोर बसली आणि तिनं नेहमीसारखा म्हातारीचा हात ओढून घेतला. म्हातारीनं मूठ वळली.

"हात ढिला सोड, माय," चाची म्हणाली. "तुजी गोदा कुटं पळाली न्हाई."

बारा वर्षांत त्या अंगणात ते नाव पहिल्यांदा आलं असावं. म्हातारी उठायला लागली, पण चाचीनं हात सोडला नाही. ताप, मठाची पडवी, हिरव्या बांगड्या, पहाट, दीर, तो एक शब्द, सगळं तिनं सांगितलं. स्वतःला कुठंही वाचवलं नाही. म्हातारी रडली नाही. मुगाच्या ढिगात बोट फिरवत तिनं एकेक विचारलं.

"लाकडं व्हती का वल्ली?"

"वल्ली व्हती. राकेल घातलं. पण समदी जळली."

"आग कोणी देली?"

"दिरानं. दुसरीच्या."

"ती दुसरी?"

चाचीनं माझ्याकडं पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा चेहऱ्याकडं. मी मान हलवली.

"जित्ती हाय," चाची म्हणाली.

एक कोंबडी येऊन मूग टिपू लागली, तिला म्हातारीनं हाकललं नाही. ही आता ओरडेल, लोक जमतील, आणि एका शिलाईवालीचं आयुष्य दुपारच्या आत उधळलं जाईल, असं वाटत होतं. मग म्हातारीनं हात सोडवून घेतला आणि पदरानं तोंड पुसलं.

"माझ्या पोरीला तिच्या नावानं आग देली," ती म्हणाली. "मंग ती माझी झाली. तिला म्हणावं, पंचमीला इकडं ये. आन् हे दुसऱ्या कोणाला सांगू नका. माझी गोदा वापस आली म्हणते मी."

त्या पंचमीला आम्ही कौशल्याला घेऊन कंधारला गेलो. गावानं काय समजून घेतलं मला माहीत नाही. गोदाला पाहिलेली माणसं होती तिथं, बोटं तपासणारीही असतील. पण म्हातारीनं दारात भाकरतुकडा ओवाळून तिला आत घेतलं, आणि आई म्हणते ती लेक, यावर कोणी तोंड उघडलं नाही. मनीषा मात्र त्या दिवशी नव्या आत्याची सरळ करंगळी बघून माझ्याकडं बघत राहिली, आणि मग तिनंच तिला पाटावर बसवलं. पोरगी शिकवणीपेक्षा हुशार निघाली.

चाची त्या अंगणात दोन पंचम्या आली. दुसऱ्या वेळी गुडघे पार गेले होते, मी तिला धरून आणलं. उंबऱ्याशी टोपली उतरवली आणि सवयीनं, टाकीमागं बसावं तशी बसून, तिनं हाक मारली. या वेळी मात्र नावानं. "गोदेऽ, बांगड्या भराय ये गं."

आतून लगेच उत्तर आलं. "आले, चाची."

आवाज कौशल्याचा होता, हे मला कळत होतं. चाचीलाही कळत असणार. तरी तिचा हात टोपलीच्या गाठीवर तसाच थांबला आणि ती दाराकडं असं बघू लागली की मला तिकडं बघायचा धीर झाला नाही. कौशल्या पीठ लागलेले हात पदराला पुसत बाहेर आली आणि समोर बसली. चाचीनं तिचे दोन्ही हात भरले, सहा आणि सहा. नंतर दोरीतल्या उरलेल्या बांगड्या मोजल्या आणि फडकं बांधून टाकलं.

माझा प्रबंध त्या दोन पंचम्यांच्या मधे बांधून तयार झाला होता. नकाशात एक घर कोरं आणि टाकीमागं एक टिंब बिननावाचं, हे सरांना खटकलं होतं. माहिती मिळाली नाही, असं मी तोंड वर करून सांगितलं. विद्यापीठात मी बोललेलं ते एकमेव खोटं, आणि त्याची मला आजवर लाज वाटलेली नाही. कौशल्याचा नवरा पुढं वारला, म्हातारीही गेली, म्हणून आज लिहिते आहे. आता मी मुलींना संशोधन शिकवते, आणि पाहणीला पाठवताना एवढंच सांगते की जी बाई यादीत नाही आणि उद्या जाणार आहे, तिचं नाव आधी विचारा.

त्या दुसऱ्या पंचमीनंतर महिन्याभरानं चाची म्हणाली, मला एकदा फेरीला ने. तीच तिची शेवटची फेरी. थंडी सुरू व्हायच्या आत ती गेली. मी तिला धरून चालवलं, आणि तिनं एक घर सोडलं नाही. पाटलाचा बोळ, तुळजाचं घर, मास्तराचं घर. मोकळ्या जागांशी बसली, हाका मारल्या, वाट पाहिली. नव्या गावात आता झाडं वाढली होती. ऊन कलता कलता आम्ही पाण्याच्या टाकीमागं आलो. मी सवयीनं थांबले, तिच्या डोक्यावरची टोपली उतरवायला हात पुढं केला आणि कान देऊन उभी राहिले. टोपली वाजली नाही.

चाची थांबली नव्हती. माझा हात धरून ती पुढं ओढत होती.

"चाची, इथं?"

"इतं कोण हाय आता?" ती म्हणाली. "चल."